एकच डिस्क, साठ लिनक्स: मेनफ्रेमवर वाटून वापरलेली /यूएसआर आणि माझी वाया गेलेली रविवारची सकाळ

रात्रपाळी (रविवार, दुपारी १:१०)

मंडळी, रात्रभर झोप नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. झेडव्हीएमवर (एका मेनफ्रेममध्ये अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) काम केलेले चार-दोन जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारतोय.

पुण्यातून एका परदेशी क्लायंटचं मेनफ्रेम सांभाळतो. एका एलपारमध्ये (मेनफ्रेमचा स्वतंत्र कप्पा) झेडव्हीएम, त्यात साठ लिनक्स गेस्ट, म्हणजे साठ आभासी सर्व्हर. माझ्याआधीच्या माणसाने प्रत्येकाला वेगळी /यूएसआर (प्रोग्राम आणि लायब्ररी असतात ती जागा) न देता एकच ठेवली आणि सगळ्यांना ती फक्त वाचायला दिली. झेडव्हीएमच्या डिरेक्टरीत (कोणत्या गेस्टला काय मिळेल त्याची यादी) मास्टरच्या, म्हणजे ही डिस्क ज्याच्या मालकीची त्या वेगळ्या गेस्टच्या, नावावर ही ओळ (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर कशी टाकायची ते तुम्हाला ठाऊक आहे):

एमडिस्क ०२०१ ३३९० ०००१ ३३३८ लिन२०१ एमआर ऑल

आणि बाकी साठ जणांच्या प्रोफाइलमध्ये:

लिंक लिनमास्टर ०२०१ ०२०१ आरआर

एमआर म्हणजे लिहिण्याची लिंक, आरआर म्हणजे फक्त वाचण्याची. ३३३८ सिलिंडर. (हा आकडा फोनवर बोलत होतो तेव्हा बायकोने विचारलं होतं, गॅस एजन्सी काढलीस का.) ट्रॅकला ४ केबीचे १२ ब्लॉक, सिलिंडरला १५ ट्रॅक, म्हणजे साधारण २.४६ जीबी. प्रत्येकाला वेगळी दिली असती तर सुमारे १४५ जीबी जास्त लागले असते.

शनिवारी रात्री मास्टर चालू केला, त्यावर पॅच चढवले, सगळं हिरवं. पहाटे चारला एक सर्व्हर नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे रीबूट झाला आणि /यूएसआर माउंटच होईना, थेट इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसला. सहाला दुसऱ्या तीन सर्व्हरवर लोकांना लॉगइन करता येईना. आत आधीपासून असलेल्यांचं 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मात्र मजेत चालत होतं! उरलेले छप्पन्न जणू काही घडलंच नाही असे चालू.

प्रश्न दोन. गेस्टला डिस्क फक्त वाचायला दिली होती, मग बिघडलं कसं? आणि बिघडायचंच होतं तर सगळे एकदम का नाही बिघडले?

---

नुसताच_वाचक (रविवार, दुपारी १:३२)

अक्षर कळलं नाही, पण थरार आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

कार्डपंच (रविवार, दुपारी २:०५)

रात्रपाळी, आधी जेवून घ्या. मग हे वाचा.

तुम्ही 'फक्त वाचायला' याचा अर्थ 'सुरक्षित' असा घेतलात. सीपीच्या (झेडव्हीएमचा गाभा) लेखी त्याचा अर्थ एवढाच की या गेस्टला लिहिता येणार नाही. दुसरा कोणी लिहीत असेल तर वाचणाऱ्याला कळवण्याची जबाबदारी सीपीने कधीच घेतलेली नाही. १९७२ साली झेडव्हीएमचा पूर्वज व्हीएम/३७० आलं तेव्हापासून मिनिडिस्कचा (गेस्टला दिलेला डिस्कचा तुकडा) कारभार असाच आहे.

बाजारातल्या भावफळ्याचं उदाहरण घ्या. सकाळी फळा वाचून तुम्ही भाव डोक्यात ठेवलेत. दुपारी दुकानदाराने फळा पुसून नवे भाव लिहिले. तुम्ही संध्याकाळपर्यंत जुन्याच भावाने हिशेब करणार. लिनक्सने एकदा वाचलेला डिरेक्टरीचा ब्लॉक, आयनोड (फाइलची नोंद), फाइल डिस्कवर कुठे आहे तो नकाशा, सगळं पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या प्रतींमध्ये) राहतं. आपण सोडून या डिस्कवर कोणी लिहीत नाही, अशी त्याची समजूत. मास्टरने पॅच करताना जुनी लायब्ररी काढली, तिचे ब्लॉक मोकळे झाले, तिथे तिसऱ्याच फाइलचे तुकडे बसले. आता तुमचा गेस्ट जुन्या नकाशाने तिथे जातो आणि सी लायब्ररीच्या मध्यात मॅन पेज वाचतो.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. 'एलएस' आणि त्याच्या लायब्ररी मेमरीत होत्या, डिस्ककडे जावंच लागलं नाही. लॉगइनला लागणारा एखादा तुकडा मेमरीतून गेला होता, तो परत आणायला गेला आणि फसला. छप्पन्न 'ठीक' आहेत असं मुळीच समजू नका. त्यांना अजून त्या ब्लॉकची गरज पडलेली नाही, इतकंच. मेमरी जशी कमी पडेल तसे एकेक पडतील.

---

रात्रपाळी (रविवार, दुपारी २:२१)

काका, घाम फुटला. कॅश रिकामी करायची कमांड सगळ्यांवर चालवून टाकू का? ड्रॉप कॅशेस?

---

कार्डपंच (रविवार, दुपारी २:२६)

नको!! आत्ता ते मेमरीतल्या जुन्या चांगल्या प्रतींवर जगताहेत. तीच काढून घेतलीत तर छप्पन्नच्या छप्पन्न एकदम झोपतील. शिवाय वापरात असलेले आयनोड आणि सुपरब्लॉक (फाइल सिस्टीमची मूळ नोंद) त्या कमांडने जातही नाहीत.

मास्टर नीट बंद करा, त्याची डिस्क स्वच्छ अनमाउंट झाली पाहिजे. मग महत्त्वाच्या क्रमाने एकेक गेस्ट रीबूट करा. दुसरा मार्ग नाही.

---

ट्रॅक_शून्य (रविवार, दुपारी ३:१५)

काकांनी निदान केलंच आहे. पहाटे चारला रीबूट झालेल्याचं प्रकरण थोडं निराळं आहे, ते सांगते. /यूएसआरची फाइल सिस्टीम एक्स्ट४ आहे ना?

जर्नल (बदलांची नोंदवही) असलेली फाइल सिस्टीम कोणी लिहिण्यासाठी माउंट केली की डिस्कवर 'रिकव्हरी लागेल' अशी खूण होते आणि नीट अनमाउंट केल्यावरच ती जाते. पहाटे चारला मास्टर चालू होता, म्हणजे खूण होती. तुमचा गेस्ट माउंट करायला गेला, त्याला जर्नल आधी परत चालवायचं होतं, त्यासाठी लिहावं लागतं आणि लिंक तर आरआर. म्हणून त्याने माउंटच नाकारलं. एका अर्थी तो साठांमधला सगळ्यात शहाणा सर्व्हर. खराब वाचण्यापेक्षा त्याने बंद राहणं पत्करलं.

बऱ्याच जणांना वाटतं की एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं ती यादी) 'आरओ' (फक्त वाचन) लिहिलं की काम झालं. तसं नाही. गेस्टला डिस्क लिहिण्याच्या लिंकने मिळाली असेल आणि तुम्ही माउंट मात्र 'आरओ' केलंत, तर एक्स्ट४ जर्नल चालवण्यापुरतं बिनदिक्कत डिस्कवर लिहितं. लॉगमध्ये कबुलीही देतं की रिकव्हरीपुरती लिहिण्याची मुभा चालू करतोय. साठपैकी एकाने असं केलं तरी बाकीच्यांचं वाटोळं. बंदी लिंकमध्येच हवी. 'एलएसडॅस्डी' (डिस्कची स्थिती दाखवणारी कमांड) चालवून स्थितीपुढे 'ॲक्टिव्ह', कंसात 'आरओ', असं दिसतंय का ते साठही ठिकाणी बघा.

'नोलोड' लावून माउंट करा असा सल्ला कुठे दिसला तर पळ काढा. जर्नल न चालवता अर्धवट अवस्थेतली डिस्क वाचणं आहे ते. वाटून वापरायच्या डिस्कला मी सरळ एक्स्ट२ ठेवते. वर्षातून चार वेळा लिहायचंय, तेही एकट्याने. जर्नल हवंय कुणाला?

आणि एफएसटॅबमधला सहावा आकडा शून्य करा, म्हणजे बूटच्या वेळी तपासणीच्या फंदात पडणार नाही.

---

ढगफुटी (रविवार, संध्याकाळी ५:४०)

वाद घालायला आलो नाही, पण १४५ जीबी? पेन ड्राइव्हमध्ये मावेल एवढ्या जागेसाठी साठ प्रॉडक्शन सर्व्हर एका दावणीला बांधायचे? प्रत्येकाला स्वतःची डिस्क द्या, पॅचिंग ऑटोमेट करा, हाकानाका.

---

श्टुटगार्टकर (रविवार, संध्याकाळी ७:०२)

ढगफुटी, जागेचा मुद्दा मान्य. २००० साली तो मोठा होता. डेव्हिड बॉइस यांनी तेव्हा एकाच मशीनवर व्हीएमखाली ४१,४०० लिनक्स उभे करून दाखवले होते, प्रत्येकाला पूर्ण डिस्क दिली असती तर ते घडलंच नसतं. पण आज जागा हे दुय्यम कारण आहे.

पहिलं कारण मेमरी. झेडव्हीएम मिनिडिस्कचे वाचलेले ट्रॅक स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं, त्याला एमडीसी म्हणतात. पहिल्या गेस्टने /यूएसआर/बिनमधलं काही वाचलं की ते डिस्कवरून येतं, पुढच्या एकोणसाठांना मेमरीतून. डिस्क एकच असेल तरच हा फायदा. साठ वेगळ्या डिस्कवर तेच बाइट असले तरी सीपीच्या दृष्टीने ते साठ वेगळे ट्रॅक. सगळी मशीन एकदम उठताना, म्हणजे मेन्टेनन्सनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, फरक डोळ्यांना दिसतो.

मात्र हे मिनिडिस्कपुरतंच. आख्खी डिस्क 'डेडिकेट' करून दिलीत किंवा गेस्टला थेट एफसीपीने (फायबर चॅनेलवरून) स्कझी लन (स्टोरेजमधली डिस्क) दिलंत, तर एमडीसी मध्ये येतच नाही.

दुसरं कारण मला जास्त पटतं. साठही सर्व्हरवर हुबेहूब तीच /यूएसआर आहे याची खात्री. ऑटोमेशनने पॅच केलेल्या साठांत दोन-तीन हमखास मागे राहतात आणि ते कोणते हे ऑडिटच्या आदल्या रात्री कळतं.

बाकी तुमचे कंटेनर तरी काय करतात? खाली न बदलणारा थर, वर आपापला लिहिण्याचा थर. असे थर रचणारं ओव्हरलेएफएस लिनक्स ३.१८ मध्ये, २०१४ च्या डिसेंबरात आलं. तिथेही नियम हाच आहे की माउंट असताना खालच्या थराला हात लावायचा नाही. लावलात तर काय होईल याची हमी कोणी देत नाही.

---

ढगफुटी (रविवार, संध्याकाळी ७:१९)

हं. कंटेनरचा मुद्दा पटला. पण आम्ही खालचा थर कधी *बदलत* नाही. नवी इमेज बनवतो आणि त्यावर नवा कंटेनर उठवतो.

---

कार्डपंच (रविवार, संध्याकाळी ७:४४)

ढगफुटींनी नकळत उत्तरच देऊन टाकलं. रात्रपाळी, तुमच्या आधीच्या माणसाने डिस्क वाटली हे योग्यच केलं. ती बदलायची कशी हे मात्र लिहून ठेवलं नाही. वापरात असलेल्या डिस्कवर पॅच चढवायचाच नाही. ०२०१ ची प्रत काढा (स्टोरेजला फ्लॅशकॉपी असेल तर क्षणात होते), ती ०३०१ म्हणून मास्टरला द्या, पॅच त्यावर चढवा, एका चाचणी गेस्टला ती जोडून दोन दिवस वापरून पाहा. मग एकेक गेस्ट नव्या डिस्कवर न्या. जुनीला हात लावू नका, काही फसलं तर परतीची वाट तीच.

आणि नुसत्या शिस्तीवर विसंबू नका, सीपीलाच पहारा द्यायला लावा. तुमच्या एमडिस्क ओळीत एमआर आहे. एमआर बघतो की दुसरा कोणी *लिहीत* तर नाही ना. वाचणारे साठ असले तरी तो मास्टरला लिहायला देतो. शनिवारी तेच झालं. तिथे डब्ल्यू करा. मग एकही वाचक जोडलेला असेल तर मास्टरला डिस्क मिळणारच नाही. एमडब्ल्यू कुठे दिसलं तर ते आधी खोडा. त्याला कशाचीच पर्वा नसते.

---

ट्रॅक_शून्य (रविवार, रात्री ८:३०)

काका, वाचकांच्या बाजूने आरआरऐवजी नुसता आर का नको? मास्टर लिहीत असेल तर आर लिंक मिळतच नाही. दोन्हीकडून कुलूप.

---

कार्डपंच (रविवार, रात्री ८:५२)

तत्त्व बरोबर, पण मी हात पोळून घेतलेत. एकदा मास्टर कोणीतरी लिहिण्याच्या लिंकसह चालू ठेवून घरी गेला. रात्री वीज गेली, मशीन परत उठलं, मास्टर सगळ्यात आधी लॉगऑन झाला आणि बाकी एकालाही /यूएसआर मिळाली नाही. डेटा शाबूत, धंदा बंद. तेव्हा मी आरआर ठेवतो आणि मास्टरला डब्ल्यू.

खरं शास्त्रशुद्ध हवं असेल तर एसआर आहे, म्हणजे स्थिर वाचन. जोवर एकाकडे एसआर लिंक आहे तोवर कोणालाच लिहिण्याची लिंक मिळत नाही. त्यासाठी गेस्टच्या डिरेक्टरीत एलएनकेस्टेबल हा पर्याय द्यावा लागतो. फारसं कोणी वापरत नाही.

आणि ते 'ऑल' वाचलंत का स्वतःच्याच ओळीत? वाचण्याच्या पासवर्डच्या जागी ऑल म्हणजे त्या सिस्टीमवरचा कोणीही पासवर्डशिवाय तुमची डिस्क जोडू शकतो. रॅकएफ (परवानग्या सांभाळणारी सुरक्षा प्रणाली) असेल तर परवानगी तिथून द्या.

---

श्टुटगार्टकर (सोमवार, दुपारी १२:१५)

नव्या डिस्कवर जाताना लोक ठेचकाळतात त्या जागा सांगतो. रात्रपाळी, यातल्या निम्म्या तुम्हाला लागणारच.

डिरेक्टरीतली लिंक ओळ फक्त *लॉगऑनच्या* वेळी वाचली जाते. ती बदलून लिनक्समधून रीबूट केलंत तर व्हीएमच्या दृष्टीने तो युझर लॉगऑनच राहिलेला असतो, लिनक्स नव्याने आयपीएल (बूट) होतं आणि जुनीच डिस्क समोर. गेस्ट पूर्ण लॉगऑफ होऊन परत एक्सऑटोलॉग (कमांडने नवं लॉगऑन) व्हायला हवा. या एका गोष्टीपायी मी लोकांना तासन्‌तास डोकं धरून बसलेलं पाहिलंय.

मग कर्नल. आताच्या डिस्ट्रोंमध्ये /लिब हे /यूएसआर/लिबकडे वळवलेलं असतं, म्हणजे कर्नलची मॉड्यूल वाटलेल्या डिस्कवर आणि कर्नल स्वतः प्रत्येकाच्या /बूटमध्ये. नव्या /यूएसआरमध्ये जुन्या कर्नलची मॉड्यूल ठेवली नाहीत तर जुन्या कर्नलवर उठलेल्या गेस्टला एकही नवं मॉड्यूल लोड करता येणार नाही. दोन्ही पिढ्यांची ठेवा, निदान सगळे हलेपर्यंत.

आरपीएमचा (बसवलेल्या पॅकेजची नोंद ठेवणारा) डेटाबेस वर्षानुवर्षं /व्हार/लिबमध्ये असायचा, म्हणजे प्रत्येक गेस्टचा आपापला. /यूएसआर बदलली तरी गेस्टला विचारलं तर तो जुनीच आवृत्ती सांगणार आणि सिक्युरिटी स्कॅनर तुमच्या नावाने शंख करणार. सुझे आणि फेडोरा दोघांनीही तो आता /यूएसआरखाली हलवलाय. तुमच्याकडे कुठे आहे बघा.

आणि पॅकेजच्या स्क्रिप्ट. पॅच करताना एखादं पॅकेज नवा सिस्टीम युझर बनवतं, तो मास्टरच्या /ईटीसी/पासडब्ल्यूडीमध्ये. बाकी साठांना त्याचा पत्ता नसतो, सर्व्हिस उठत नाही. लायब्ररींची यादीही /ईटीसीमध्ये असते, म्हणून प्रत्येक गेस्टवर डिस्क बदलल्यावर एकदा एलडीकॉन्फिग चालवा.

---

नुसताच_वाचक (सोमवार, दुपारी १:०३)

आता प्रश्न विचारायची हिंमत करतो. मेमरीचाच प्रश्न असेल तर तो प्रोग्राम डिस्कवर न ठेवता थेट मेमरीतच एकदा ठेवून सगळ्यांना दाखवता येत नाही का?

---

कार्डपंच (सोमवार, दुपारी २:४०)

शाब्बास! 'नुसताच' काढा नावातून. येतं. डीसीएसएस म्हणतात त्याला. डेफसेगने मेमरीचा पट्टा आखायचा, भरायचा, सेव्हसेगने जतन करायचा, मग सगळे गेस्ट तोच पट्टा स्वतःच्या पत्त्यांवर पाहतात. लिनक्समध्ये त्यावर एक्स्ट२ टाकून प्रोग्राम जागच्या जागी चालवता येतो, पेज कॅशमध्ये वेगळी प्रत बनतच नाही. एमडीसीत प्रत्येक गेस्टची स्वतःची प्रत शेवटी होतेच, इथे नाही. पूर्वी त्या सोयीला एक्सआयपी म्हणत, लिनक्स ४.० पासून तिच्या जागी डॅक्स आलं.

पण एक पट्टा २ जीबीच्या आत बसवावा लागतो आणि सांभाळणं कटकटीचं. आम्ही फक्त डेटाबेस क्लायंटच्या लायब्ररींसाठी केलं होतं. सुंदर चाललं. मी निवृत्त झालो आणि पुढच्याने वर्षभरात काढून टाकलं, कारण त्याला ते वाचताच आलं नाही.

---

रात्रपाळी (तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:४८)

धागा वर काढतोय. त्या रविवारी सगळे रीबूट करेपर्यंत आणखी पाच पडलेच, काका म्हणाले तसे.

आता एक्स्ट२ आहे, मास्टर डब्ल्यूवर, ऑल काढलं. या वेळचे पॅच ०३०१ वर चढवले आणि चाचणी गेस्टवर तीन दिवस ठेवले. तिथेच श्टुटगार्टकरांचा सिस्टीम युझर सापडला, आधी कळलं म्हणून वाचलो. एक मॉनिटरिंग एजंट मात्र कोणाच्याच यादीत नव्हता. तो आपली लॉग फाइल /यूएसआरच्या पोटात लिहायला जातो आणि लिहिता आलं नाही की काही न बोलता बंद पडतो. इतकी वर्षं तो साठही ठिकाणी बंदच होता, कोणाला खबर नाही! त्याची फोल्डर बाइंड माउंटने /व्हारकडे वळवली.

लॉगऑफ-लॉगऑनचं माहीत असूनही पहिल्या दोन गेस्टना सवयीने रीबूटच केलं. मग स्वतःलाच शिव्या घातल्या.

आज संध्याकाळी सगळे नव्या डिस्कवर आले असं वाटलं. जुनी ०२०१ मोकळी करण्याआधी 'क्वेरी लिंक्स' चालवलं, तर एक नाव अजून चिकटलेलं. 'लिनटी०९'. इन्व्हेंटरीत नाही, मालक नाही, कोणी कबूल होईना. दोन टीमना मेल टाकले, क्लायंटच्या माणसाला फोन केला. तासाभराने कन्सोलवर जाऊन पाहिलं, तर रूटच्या होम फोल्डरमध्ये माझ्याच नावाची स्क्रिप्ट. नवीन लागलो तेव्हा शिकण्यासाठी मीच उभा केलेला सर्व्हर.

---

कार्डपंच (रविवार, सकाळी ६:३०)

:)) क्लायंटच्या माणसाला काय सांगितलंत?

---

रात्रपाळी (रविवार, सकाळी ९:१२)

'तपास पूर्ण, सर्व्हर बंद केला आहे.'